अडतीस ताईत

सन २०४३ च्या खंडेनवमीस माझ्या सांगण्यावरून आमच्या ओतशाळेत एक पूजा झाली, आणि त्या पूजेमुळे राज्य शासनाची एक संपूर्ण नियमावली रद्द होण्याच्या बेतास आली. ती पूजा कशी झाली आणि पुढे न्यायालयात मी तिची कबुली द्यावी की न द्यावी या प्रश्नाने माझ्या घरात काय घडले, हे येथे क्रमाने सांगण्याचा माझा विचार आहे. माझे नाव कृष्णात लोहार. शिक्षण नववीपर्यंत. व्यवसाय भट्टीवरील मिस्त्री. जेथे शास्त्र सांगणे भाग पडेल तेथे मी ते मला जसे समजले तसे सांगेन, कारण मला समजले ते कोणालाही समजेल अशी माझी खात्री आहे.

कोल्हापूरच्या पूर्वेस जी औद्योगिक वसाहत आहे, तीत आमची ओतशाळा आहे. पेट्रोलच्या गाड्या गेल्या तेव्हा इंजिनांचे ओतकामही गेले, आणि लोक म्हणू लागले की आता भट्ट्या विझणार. तसे झाले नाही. पाण्याच्या पंपांची आवरणे व पवनचक्क्यांचे तुंबे, म्हणजे पाती ज्यांत बसतात ते मधले भाग, आम्ही ओतू लागलो. वस्तू बदलली, तथापि रीत तीच राहिली. वाळूचा साचा करावयाचा, त्यात तापून पाणी झालेले लोखंड ओतावयाचे, आणि ते गोठले की साचा हादरणाऱ्या जाळीवर टाकून फोडावयाचा. या जाळीवर जो माणूस उभा राहतो त्याच्याभोवती दिवसभर जळालेल्या वाळूचे ढग असतात. आमच्याकडे तो माणूस म्हणजे साताप्पा चौगुले. तो माझ्या पत्नीचा, शालनचा, धाकटा भाऊ. त्याला मीच कामावर लावले होते, आणि जाळीवरही मीच उभे केले होते.

वाळूची धूळ म्हणजे गारगोटीचा भुगा. त्यातील जाड कण नाकात अडकतात व शिंकेबरोबर बाहेर पडतात. परंतु जे कण केसाच्या विसाव्या भागाएवढे बारीक असतात, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात. गारगोटी पचत नाही, पेशी मरते, आणि त्या जागी लहानसा वण उरतो. असे लक्षावधी वण झाले म्हणजे फुप्फुस चामड्यासारखे ताठ होते. त्यावर तेव्हाही औषध नव्हते व आजही नाही.

पूर्वी कारखान्याच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवून हवेतील धूळ मोजत असत. पेटी कोपऱ्यात आणि माणूस जाळीवर, त्यामुळे पेटीचा आकडा नेहमी शहाण्यासारखा वागे. मग एका सरकारी प्रयोगशाळेने गळ्यात बांधावयाचे एक यंत्र तयार केले. आकाराने ते सुपारीच्या डबीएवढे. त्यातील बारीक पंखा हवा ओढतो, आणि एक अदृश्य किरण त्या हवेतून जातो. गारगोटीचा कण हा किरण ठरावीक प्रकारे शोषून घेतो, म्हणून यंत्रास कण ओळखता येतो. खरी युक्ती याच्या पुढे आहे. यंत्र आत जाणाऱ्या हवेतील कण मोजते, तसे आपण सोडलेल्या श्वासातील कणही मोजते. आत दहा गेले आणि बाहेर सात आले, तर तीन छातीत राहिले. ही वजाबाकी माझ्या मुलीने तिसरीत केली होती. परंतु ती छातीसंबंधी करता येते, हे जगाला सुचण्यास इतकी वर्षे लागली.

या यंत्राचे सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्यास ताईत म्हणत असू.

ताइतावर शासनाने नियमावली रचली. तिच्यातील दोन कलमे महत्त्वाची होती. पहिले असे की, एखाद्या कामगाराच्या छातीतील कण ठरलेल्या रेषेपलीकडे गेले, तर त्याला त्याच पगारावर धूळ नसलेल्या जागी बसवावे. दुसरे असे की, चालू पाळीत कोणाही एकाच्या ताइताचा आकडा धोक्यास पोहोचला, तर धूळ उडविणारे यंत्र आपोआप थांबावे आणि हवा निवळेपर्यंत सुरू होऊ नये. या नियमावलीविरुद्ध, आणि विशेषेकरून दुसऱ्या कलमाविरुद्ध, ओतशाळाचालकांच्या मंडळाने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यास तात्पुरती स्थगिती मिळविली. पहिले कलम मात्र लागू राहिले.

आता पूजेकडे येतो. खंडेनवमीस जे हत्यार आपल्याला जेवू घालते त्याची पूजा करावयाची आणि त्या दिवशी त्यास काम सांगावयाचे नाही, ही आमची रीत आहे. त्या वर्षी ताईत गळ्यात येऊन चार महिने झाले होते. सकाळी दहा वाजता सर्व मंडळी जमली असता मी म्हणालो, हेही आता आपले हत्यारच आहे, याचीही पूजा झाली पाहिजे. सर्वांना ते पटले. दस्तगीर मुल्लाणी हा आमचा साचे भरणारा जुना गडी. त्याने जाळीच्या चौथऱ्यावर एक मोठे ताट मांडले व नोकरीच्या वर्षांप्रमाणे अडतीस ताईत ओळीने लावले. ज्याचा ताईत मागे गेला तो कुरकुरला, आणि दस्तगीर त्याला म्हणाला की देवाच्या दारात तरी वशिला लावू नको.

पूजेपूर्वी यंत्रे झाडून स्वच्छ करावी लागतात. ते काम दाबाच्या हवेच्या नळीने होते, आणि दरसाल मिस्त्रीच ते करतो. मंडळी बाहेर आवारात थांबली. मी नळी घेतली. मी काम करीत होतो व कामात ताईत काढू नये असा नियम होता, म्हणून एकोणचाळिसावा ताईत माझ्या गळ्यातच राहिला. दीड तास मी वर्षाची धूळ उडविली, आणि ताट त्या ढगात होते. मग फुले वाहिली, भंडारा उधळला, आणि आम्ही शेडला कुलूप लावून घरी गेलो. दसऱ्याची सुटी झाल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन प्रत्येकाने आपला ताईत गळ्यात घातला.

ताईत ज्या कोणाच्या गळ्यात आहे तो श्वास घेतो आहे, असे यंत्र धरून चालते. अडतीस ताइतांनी दोन दिवस कण आत जाताना मोजले. बाहेर येताना मात्र एकही मोजला नाही. दहा गेले, शून्य आले, दहा राहिले. अडतीस माणसांच्या नावे दोन दिवसांत आठ महिन्यांची धूळ चढली.

ज्यांचे आकडे आधीच मोठे होते असे चौघे जण त्यामुळे रेषेपलीकडे गेले. त्यांपैकी एक साताप्पा. दिवाळीनंतर त्याला काचेच्या तपासणी खोलीत बसविण्यात आले. तेथे गार हवा, पांढरा दिवा, आणि हातात पंपाच्या आवरणाची जाडी मोजण्याचा गेज. महिन्याभरात त्याचा खोकला अर्ध्यावर आला. जिना चढताना मध्ये थांबणे बंद झाले. शालनने कित्येक वर्षांनी त्याला मोठ्याने हसताना ऐकले, आणि ती मला म्हणाली की तुमच्या त्या सरकारी डबीला मी हात जोडते.

आकडे असे का चढले हे मला साताप्पास हलविले त्याच आठवड्यात कळले होते. मी बोललो नाही.

जानेवारीत श्रीमती रेवती नाडगौडा नावाच्या शासनाच्या अभियंता आमच्याकडे आल्या. ताइताच्या रचनेत त्यांचा हात होता. त्यांनी मला बाजूला घेऊन पडद्यावर रेषा दाखविल्या. आत जाणारी रेषा डोंगराएवढी होती, बाहेर येणारी जमिनीस चिकटलेली, आणि अशा अडतीस जोड्या होत्या. एकोणचाळिसाव्या जोडीत मात्र दोन्ही रेषा बरोबर चालल्या होत्या. मालकांच्या वकिलांनी हेच आकडे न्यायालयात मांडले आहेत, असे त्यांनी सांगितले. वकिलांचे म्हणणे असे की, कारखान्याच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी सुटी होती, आणि बंद कारखान्यात अडतीस माणसांनी मरणाएवढी धूळ प्यायली असे ज्या यंत्राचे म्हणणे आहे, त्या यंत्रावर राज्यातील एकही जाळी थांबविता येणार नाही.

"ही जोडी कुणाची आहे, मिस्त्री?" बाईंनी विचारले.

"माझी."

"मग बाकीच्यांचं काय झालं, ते तुम्हालाच माहीत असणार."

मला माहीत नाही, असे मी उत्तर दिले. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, पडदा मिटला, आणि चांगल्या शब्दांत माझा निरोप घेतला. माझ्या आयुष्यातील ते पहिले खोटे नव्हते. परंतु ते एका विद्वान बाईंच्या तोंडावर बोललेले पहिले होते, आणि त्याची मला विलक्षण लाज वाटली.

फेब्रुवारीत मालकांनी मला कार्यालयात बोलाविले. धनपाल मगदूम हे आमचे मालक; सर्व जण त्यांना अण्णा म्हणतात. हा मनुष्य दुष्ट नाही, हे मी आरंभीच नमूद करतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः पंगतीत वाढले होते. न्यायालयात त्यांच्या मंडळाचे तीन मुद्दे होते. पहिला, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राचा कायदा असताना राज्याला याहून कडक नियम करण्याचा अधिकार नाही. दुसरा, मालकाचे म्हणणे ऐकून न घेता यंत्र थांबविणे हा अन्याय आहे. तिसरा मुद्दा ताइताच्या विश्वासार्हतेचा. अण्णांनी मला हे सर्व समजावून सांगितले, आणि शेजारच्या राज्यात असा नियम नसल्यामुळे गिऱ्हाईक तिकडे जाईल, मग धूळही राहणार नाही आणि रोजगारही, असे ते म्हणाले. यातील काळजी खरी होती.

त्यानंतर ते म्हणाले, "कृष्णात, त्या पूजेचं मला ठाऊक आहे. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. विचारलं नाही, तर सांगू नका, इतकंच."

मी उठू लागलो, तेव्हा ते पुढे म्हणाले,

"निकाल काही लागू दे. साताप्पा काचेच्या खोलीतून हलणार नाही. हा माझा शब्द."

अण्णांचा शब्द वसाहतीत चालतो. मी पंचवीस वर्षे पाहिला आहे. म्हणून तो ऐकून मला हायसे वाटले, आणि पायऱ्या उतरताना त्याच हायसे वाटण्याची भीती वाटू लागली. मी गप्प बसलो तर नियम जाईल आणि साताप्पा काचेत राहील. मी बोललो तर नियम राहील. पण खोटे आठ महिने त्याच्या खात्यातून वजा होतील, तो रेषेच्या अलीकडे येईल, आणि जाळीवर परत जाईल. राज्यात अशा जाळ्या चार हजारांवर होत्या. त्या प्रत्येकीवर कोणाचा तरी मेहुणा उभा होता, हे मला दिसत होते. पण ते मेहुणे रविवारी माझ्या घरी जेवावयास येत नव्हते.

मी प्रथम साताप्पालाच सांगण्याचे ठरविले. त्याच्या पाठीमागे बोलणे मला मान्य नव्हते. दुपारच्या सुटीत काचेच्या खोलीत गेलो. तो गेज पुसत बसला होता, आणि मला पाहताच म्हणाला की दाजी, पायताण बाहेर काढा, ही साहेबाची खोली हाय. मी सर्व सांगितले. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. गेज त्याने नीट डबीत ठेवला.

"म्हंजे ही जागा माझी न्हवंच," तो म्हणाला.

"आकडा चुकीचा हाय, साताप्पा. चूक माझी हाय."

"चूक तुमची, आन् जाळीवर म्या."

त्याने काचेतून बाहेर पाहिले. जाळीवर आता पांडबा नावाचा दुसरा गडी उभा होता व धुळीमुळे तो कमरेपर्यंतच दिसत होता.

"दाजी, तुमी पुस्तकं लई वाचता," तो म्हणाला. "त्यात माझ्यासारख्याचं शेवटाला काय हुतं, ते सांगा की."

मी निघालो तेव्हा तो पुन्हा गेज पुसू लागला होता. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. रविवारचे येणेही बंद झाले.

शालनला त्याच संध्याकाळी कळले. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. माझे म्हणणे मी न्यायालयात वाचावे तसे मुद्द्यांनी मांडले; चार हजार जाळ्या, दोन लाख माणसे, शासनाचा अधिकार. तिने सर्व ऐकून घेतले. मग तिने एकच प्रश्न विचारला, तो असा की त्या दोन लाखांतल्या एकाचे तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे काय. मी म्हणालो, पांडबा. आज जाळीवर तो आहे. ती म्हणाली, "पांडबाला भैन न्हाई व्हय?" हे ती माझ्या बाजूने बोलली की माझ्या विरुद्ध, ते मला तेव्हा कळले नाही, आणि मी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी ती भावाकडे राहावयास गेली. जाताना माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीवर लावून गेली होती. तो मी न्यायालयातच घालणार, हे तिला ठाऊक होते.

मी रेवतीबाईंना फोन करून माझे खोटे कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. त्या दीर्घ श्वास सोडून म्हणाल्या की दोन महिने मी माझ्या यंत्रात दोष शोधते आहे, आज मला झोप लागेल. शासनाच्या वकिलांनी माझे प्रतिज्ञापत्र तयार केले. त्याचा मजकूर मी स्वतः लिहिला आणि त्यांनी केवळ दोन शब्द बदलले, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

मार्चच्या सोळा तारखेस कोल्हापुरातच सुनावणी झाली. दोन न्यायमूर्ती होते, एक वयस्क गृहस्थ आणि एक बाई. प्रतिज्ञापत्र वाचून झाल्यावर बाईंनी मला पुढे बोलाविले आणि मराठीतच प्रश्न केले. पूजा कोणी सांगितली, ताट कोठे होते, नळी किती वेळ चालली. मी उभे राहून सरळ उत्तरे दिली. भट्टीच्या तोंडाशी तीस वर्षे उभा राहिलेला मनुष्य न्यायालयात कापत नाही, असे मला त्या दिवशी आढळून आले.

मालकांचे वकील नामांकित होते व अत्यंत सभ्य होते. त्यांनी माझ्या सत्यप्रियतेची स्तुती केली आणि मग तीच माझ्यावर उलटविली. ते म्हणाले, माननीय न्यायालयाने पाहावे, हे यंत्र ज्यांच्या भरवशावर चालणार ती माणसे ते काढून देवापुढे ठेवतात. आज खंडेनवमी, उद्या आणखी काही. अशा यंत्राच्या आकड्यावर कोट्यवधींचे उद्योग थांबवावयाचे काय?

बाईंनी मला विचारले की यावर काही सांगावयाचे आहे काय. मी परवानगी घेऊन पडद्यावर त्या एकोणचाळीस जोड्या दाखविण्याची विनंती केली. रेवतीबाईंनी त्या दाखविल्या. मी म्हणालो, "बाईसाहेब, ही माझी जोडी. त्या दिवशी त्या शेडमध्ये श्वास घेणारा मी एकटा होतो. आत जाणारी धूळ माझी आणि ताटाची सारखीच आहे, मोजून बघा. बाहेर येणारी फक्त माझी आहे. यंत्रानं खोटं सांगितलेलं नाही. इथं कुणी श्वास घेत नाही, असंच ते अडतीस वेळा सांगत होतं. ते वाचायला आम्ही चुकलो."

वयस्क न्यायमूर्तींनी चष्मा काढून पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी रेवतीबाईंना विचारले की बाहेरची रेषा शून्य असेल तेव्हा ताईत गळ्यात नाही असे धरून नोंद आपोआप वगळता येईल काय. रेवतीबाई म्हणाल्या, एका दिवसाचे काम आहे. मालकांच्या वकिलांनी दुसऱ्या मुद्द्याकडे वळून मालकाचे न ऐकता यंत्र थांबविण्याचा अन्याय पुन्हा मांडला. शासनाच्या तरुण वकीलबाईंनी उत्तर दिले की घरात विजेचा भार वाढला म्हणजे फ्यूज उडतो, उडण्यापूर्वी तो घरमालकाची बाजू ऐकत नाही, आणि त्याला कोणी शिक्षा म्हणत नाही. या वाक्यावर मागच्या बाकावर बसलेले अण्णासुद्धा किंचित हसले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. केंद्राचा कायदा किमान मर्यादा ठरवितो, त्याहून अधिक संरक्षण देण्यास राज्याला मज्जाव नाही, असे न्यायालयाने म्हटले. स्थगिती उठली. चुकीचे आकडे वगळून सर्वांच्या नोंदी दुरुस्त करण्याचा आदेश झाला. साताप्पाचा आकडा रेषेच्या अलीकडे, पाच महिन्यांच्या अंतरावर, येऊन थांबला. एकदा एखाद्यास हलविल्यावर पुन्हा परत पाठवू नये असे कलम नियमावलीत असावयास हवे होते. ते कोणास सुचले नव्हते. मी त्यासंबंधी शासनास तीन पत्रे लिहिली आहेत, आणि चौथे लिहिणार आहे.

अण्णांनी दिलेला शब्द मागे घेतला, असे मी म्हणणार नाही. शब्द माझ्या गप्प बसण्यावर होता आणि मी गप्प बसलो नव्हतो. साताप्पा व अन्य तिघे काचेच्या खोलीतून निघाले. सोमवारी सकाळी आठ वाजता साताप्पा जाळीवर उभा राहिला. माझ्यासमोरून जाताना त्याने मान वळविली नाही. दस्तगीर मात्र थांबला व मला म्हणाला की मिस्त्री, न्यायालय जिंकलं, आता घर कवा जिंकताय.

सुमारे दहा वाजले असतील. भट्टीत दीड टन लोखंड तयार होते. साचे ओळीने मांडलेले. जाळीवर पवनचक्कीचा एक मोठा तुंबा फुटत होता, आणि साताप्पा धुळीत नाहीसा झाला होता. एकाएकी जाळीचा आवाज थांबला. मागोमाग वाळू वाहून नेणारा पट्टा थांबला, मग वाळू मळणारे यंत्र. खांबावर तांबडा दिवा लागला आणि त्याखाली साताप्पाचे नाव उमटले. तीस वर्षांत कामाच्या वेळी मी त्या शेडमध्ये माणसांचा आवाज ऐकला नव्हता. तो ऐकू येऊ लागला. कोणीतरी खाकरले, ते सर्वांना ऐकू गेले.

अण्णा धावत आले. त्यांनी दिवा पाहिला, भट्टी पाहिली, आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "माल तयार आहे, कृष्णात. साताप्पाला जरा बाजूला करा. त्याचा ताईत लांब गेला की जाळी सुरू होईल."

हे खरे होते. वीस पावले पुरेशी होती. नियमावलीत ही फटही कोणास दिसली नव्हती. मी जाळीकडे पाहिले. साताप्पा दांडा हातात धरून तसाच उभा होता व आमच्याकडे पाहत होता. आम्ही काय बोलतो आहोत ते त्याला ऐकू जात असावे, कारण त्याने एक पाऊल बाजूला टाकले आणि तेथेच थांबला.

"अण्णा," मी मोठ्याने म्हणालो, "बाजूला धूळ करायची. माणूस न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भट्टीवरच्या गड्यास विजेचा जोर कमी करून माल नुसता गरम राखण्यास सांगितले. तसे तासभर करता येते. दोन तासही येते. मग मी अण्णांना आठवण दिली की पाण्याचे फवारे व धूळ ओढण्याची हुडे नऊ महिन्यांपूर्वी आणून मागच्या गोदामात खोक्यांत ठेवली आहेत, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत लावू नका असे वकिलांनी सांगितले होते म्हणून. निकाल लागलेला आहे.

अण्णा काही वेळ तांबड्या दिव्याखालील नाव वाचत राहिले. त्या शेडमध्ये दिव्याने लिहिलेले कोणाचेही नाव त्यांनी यापूर्वी वाचले नसावे, स्वतःचे सोडून. नंतर त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, गोदामाची किल्ली वेगळी केली आणि ती दस्तगीरच्या हातावर ठेवली. चौघे गडी खोकी आणावयास निघाले. बाकीचे जेथे होते तेथे बसले. कोणी साच्याच्या पेटीवर, कोणी वाळूच्या ढिगावर. अण्णाही एका उलट्या डब्यावर टेकले.

धूळ खाली बसू लागली. प्रथम साताप्पाचे डोके दिसले, मग खांदे, मग तो पूर्ण दिसू लागला. सर्व ओतशाळा आपल्याकडे पाहते आहे हे ध्यानात येऊन त्याने तोंडावरचा पंचा सोडला आणि चौथऱ्याच्या काठावर बसला. त्याने दोन वेळा सावकाश श्वास घेतला. दोन्ही वेळा बाहेरही सोडला.

"दाजी," तो म्हणाला. दोन महिन्यांनी त्याच्या तोंडून तो शब्द निघाला होता. "भैनीला फोन लावा की. म्हणावं, तुझ्या भावानं आज समदी फौंड्री बसवलीया. मालकासकट."